पियो गामा पिंटो : चरित्रलेख आणि ओळखीचे शब्द

प्रस्तावना

चरित्रलेखनाचा अभ्यास करताना आपण आजवर प्रामुख्याने महाराष्ट्रातील व्यक्तींचा विचार केला. या घटकात एका आफ्रिकी देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातील नेत्याचे जीवन अभ्यासावयाचे आहे. हे नेते म्हणजे पियो गामा पिंटो. त्यांचा जन्म नैरोबीचा, घराणे गोमंतकीय, शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, आणि राजकीय आयुष्याची सुरुवात मुंबईत. त्यांच्या नावापूर्वी कोणते विशेषण लावावे, हा प्रश्न चरित्रकाराला पहिल्याच वाक्यात पडतो. तो नुसता शैलीचा प्रश्न नाही, हे पुढे दिसेल.

जीवनपट

पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबी येथे झाला. वडील ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत होते. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी भारतात धाडण्यात आले. बार्देश तालुक्यातील हडफडे येथील सेंट जोसेफ हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दोन वर्षे विज्ञानशाखेचा अभ्यास, काही काळ हवाई दलात उमेदवारी, आणि त्यानंतर मुंबईत टपाल व तार खात्यात नोकरी. या नोकरीत असतानाच ते संपात उतरले. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या चळवळीतही त्यांनी याच काळात भाग घेतला. अटक करून केप व्हर्दे बेटांवरील ताराफाल येथील छळछावणीत पाठवले जाण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी केनिया गाठले.

नैरोबीत त्यांनी कारकुनी केली, मग 'कलोनियल टाइम्स' आणि 'डेली क्रॉनिकल' या पत्रांतून पत्रकारिता केली. जमिनीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या माऊ माऊ चळवळीला त्यांचे साहाय्य होते. १९५४ मध्ये, एमा यांच्याशी विवाह होऊन जेमतेम पाच महिने झाले असताना, त्यांना पकडण्यात आले. खटला न चालवता सुमारे चार वर्षे मांडा बेटावर स्थानबद्धता, आणि पुढे ऑक्टोबर १९५९ पर्यंत काबार्नेट या दूरच्या गावी सक्तीचे वास्तव्य, असा हा काळ आहे. सुटकेनंतर त्यांनी 'साऊती या कानू' हे पत्र सुरू केले. 'साऊती' म्हणजे आवाज, आणि 'कानू' हे केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन या पक्षाचे संक्षिप्त नाव. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. जुलै १९६४ मध्ये पिंटो संसदेचे सदस्य झाले.

संसदेत ते ओगिंगा ओडिंगा यांच्या गटाचे मानले जात. स्वातंत्र्यानंतर जमीन कोणाच्या हाती जाणार, या प्रश्नावर हा गट आणि राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्याभोवतीची मंडळी यांच्यात तीव्र मतभेद होते. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी सकाळी नैरोबीच्या वेस्टलँड्स भागात, स्वतःच्या घराच्या फाटकाजवळ, मोटारीत बसलेल्या पिंटो यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी त्यांची लहान मुलगी मोटारीत होती. त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते. या खुनाबद्दल एका तरुणाला शिक्षा झाली. तो आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला आणि २००१ मध्ये सुटला. खुनामागील सूत्रधार मात्र कधीही न्यायालयासमोर आला नाही. पत्नी आणि तीन मुली पुढे कॅनडात स्थायिक झाल्या.

ओळखीचे शब्द

आता भाषेकडे वळू. वांद्र्यातील एका संपर्कसत्रात मी हे चरित्र सांगत असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या आजोबांना गावात सगळे 'आफ्रिकार' म्हणत. ते मोंबासाहून परत आले होते." वांद्र्यात गोमंतकीय कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे या उत्तराचे नवल वाटले नाही, पण शब्द मात्र मोलाचा आहे. कोकणीतील या 'आफ्रिकार'मधील प्रत्यय आपल्या 'पुणेकर', 'नाशिककर' यांतील '-कर'चा सख्खा भाऊ. एरवी हा प्रत्यय माणूस मूळ कोठला ते सांगतो. येथे मात्र तो माणूस कोठे जाऊन आला, हे सांगतो.

म्हणजे हडफड्यात शिकणारा हा मुलगा गावाच्या दृष्टीने आफ्रिकेचा. आणि नैरोबीत? वसाहतीच्या शिरगणतीत युरोपीय, भारतीय, अरब, आफ्रिकी यांबरोबर 'गोवन' असा स्वतंत्र रकाना होता. गोमंतकीयांची गणना भारतीयांत होत नसे, कारण गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. कोणाला कोणती नोकरी, कोणती शाळा, कोणती वस्ती मिळेल, हे पुष्कळसे अशा वर्गवारीवर ठरत असे. पोटापाण्याशी जोडलेले नाव माणूस सहसा टाकत नाही. अनेक गोमंतकीय कारकुनांनी तो रकाना सांभाळला, आणि त्यासाठी त्यांना आज दोष देणे मला सोपे वाटत नाही. पिंटो यांनी तो नाकारला, म्हणूनच हा निर्णय ठळक दिसतो.

स्वाहिली भाषेचे व्याकरण येथे पाहण्यासारखे आहे. माणसांच्या नामांना एकवचनी 'म्' आणि अनेकवचनी 'वा' हे उपसर्ग लागतात : म्हिंदी–वाहिंदी (भारतीय), म्गोवा–वागोवा (गोमंतकीय), म्वाफ्रिका–वाफ्रिका (आफ्रिकी). शिरगणतीने ज्यांना वेगवेगळ्या रकान्यांत बसवले, ते सारे व्याकरणात एकाच नामवर्गात येतात. यावरून स्वाहिली भाषक भेदभाव करीत नव्हते, असा निष्कर्ष काढू नये. व्याकरणातून समाजाविषयी इतके सरळ अनुमान काढणे ही विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक आहे.

आणखी एक शब्द पाहू. पिंटो यांच्यावर १९६६ मध्ये निघालेल्या इंग्रजी पुस्तिकेच्या शीर्षकाचा अर्थ 'स्वतंत्र केनियाचा पहिला हुतात्मा' असा होतो. तेथील मूळ शब्द ग्रीकमधून आला आहे आणि त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'साक्षीदार' असा आहे. अरबीतून आलेल्या 'शहीद'चे मूळही साक्षीशीच जुळते. आपला 'हुतात्मा' यज्ञातून येतो : ज्याने स्वतःची आहुती दिली तो. पिंटो यांना मराठीत हुतात्मा म्हणताना आपण नकळत असे सुचवतो की, त्यांनी मरण पत्करले. वस्तुतः ते त्या सकाळी फाटक उघडण्याची वाट पाहत होते. माझ्या मते येथे 'राजकीय हत्येत बळी पडलेले' असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. पुस्तिकेचे शीर्षक देताना 'हुतात्मा' ठेवावे. वर्गातील काही जणांना हे मत पटले नव्हते.

केनियाने २००८ मध्ये आपल्या वीरांवर चार टपाल तिकिटे काढली, त्यांतील एकावर पिंटो आहेत. मुंबईत टपाल व तार खात्यातच त्यांनी नोकरी केली होती.

स्वाध्याय

पिंटो यांच्यावर प्रत्येकी पन्नास शब्दांच्या दोन नोंदी लिहा : एक गोव्यातील वाचकासाठी, दुसरी केनियातील वाचकासाठी. दोन्ही नोंदींतील पहिले वाक्य शेजारी ठेवून कोणते विशेषण बदलले आणि का, ते लिहा. त्यानंतर आपल्या कुटुंबात किंवा वस्तीत '-कर' अथवा '-वाला' लावून ओळखल्या जाणाऱ्या एका व्यक्तीला विचारा : हे नाव तुम्ही घेतले की लोकांनी दिले? मिळालेले उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत नोंदवा.