संगणकावरील गाणे : आवाज लहान-मोठा का होतो ?

जुने गाणे ऐकण्याची सोय आज जेवढी झाली आहे, तेवढी ती पूर्वी कधीच नव्हती. एके काळी ७८ फेऱ्यांची तबकडी ज्याच्या संग्रही असेल त्याच्या घरी जावे लागे, ग्रामोफोनला किल्ली द्यावी लागे आणि तीन-सव्वातीन मिनिटांत एक बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागे. आज तेच गाणे घरच्या संगणकावर बोटाने कळ दाबताच सुरू होते. परंतु या सोयीबरोबर एक अडचणही घरात आली आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी लावावी तर ती दूरच्या खोलीतून आल्यासारखी वाटते. म्हणून आवाज पूर्ण वाढवावा, तर पाठोपाठ लागलेले नवे चित्रपटगीत अंगावर धावून येते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "यंत्र बिघडले." तरुण मंडळी म्हणतात, "जुनी रेकॉर्डच खराब." ही दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. ती का चुकतात आणि खरे कारण कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय विज्ञानशाखेचा, आपणां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. ज्या भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, त्यांचे गाणे आज आपल्याला ऐकता येत नाही. त्याची केवळ वर्णने वाचावी लागतात. त्यांच्याच काळातील ज्या गायकांचा आवाज तबकडीत टिकला, तो टिकला हे आपले भाग्य. असा आवाज केवळ 'लहान येतो' म्हणून अर्ध्या मिनिटात बंद करणे ही संगणकाची नव्हे, आपल्या अज्ञानाची मर्यादा ठरेल.

१. डेसिबलचा हिशेब

आवाजाचे माप डेसिबलमध्ये सांगतात. हे माप बेरजेचे नसून पटीचे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ३ डेसिबलने आवाज वाढला की ध्वनीची शक्ती दुप्पट होते. पण कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. संगणकावर मात्र मोजणी वरून खाली होते. संगणकाला नोंदविता येणारा सर्वांत मोठा आवाज म्हणजे शून्य आणि बाकी सर्व त्याखाली, म्हणजे उणे. शून्याच्या वर जागाच नाही. एखादी लाट तेथवर पोचून आणखी वाढू पाहील तर तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो.

आता कळीचा मुद्दा असा की, कान शिखरावरून आवाजाचा मोठेपणा ठरवीत नाही. तो काही काळाच्या सरासरीवरून ठरवितो. टाळी क्षणभर फार उंच जाते, पण संथ चाललेल्या तंबोऱ्यासारखी ती कानभर वाटत नाही. समजा, एका जुन्या तबकडीची सरासरी उणे २६ डेसिबल आहे आणि एका नव्या गीताची उणे ९. दोहोंची शिखरे शून्याला टेकलेली असली, तरी सरासरीत १७ डेसिबलचे अंतर राहते आणि नवे गीत तिपटीहून मोठे वाटते.

२. जुनी तबकडी लहान का वाजते ?

१९२५ पूर्वी विजेचे ध्वनिमुद्रण नव्हते. गायक कर्ण्यासमोर तोंड धरून गात असे आणि त्याच्याच आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच पाडीत असे. खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणे या जातीची, तर १९३७ साली झालेल्या त्यांच्या निधनापूर्वीच्या वर्षांतील मुद्रणे विजेच्या काळातील आहेत. दोहोंच्या आवाजातील फरक कोणाच्याही कानाला कळतो.

पण एवढ्याने कारण संपत नाही. तबकडीवर ओरखडे असतात. सुई ओरखड्यावरून गेली की 'टक्' असा आवाज होतो. त्याचे शिखर गाण्यापेक्षा कितीतरी उंच असते. तबकडी संगणकात उतरविणारा मनुष्य सर्वांत उंच शिखर शून्याला टेकवितो आणि आवाज पुरेसा घेतला असे समजतो. वस्तुतः शून्याला टेकलेला असतो तो ओरखडा; गायक बिचारा खालीच राहिलेला असतो. नव्या गीतांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आल्यानंतरच्या काळात आपले गीत शेजारच्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून शिखरे दाबून सरासरी वर चढविण्याची चढाओढ लागली. म्हणजे एकाची शिखरे अनावर, तर दुसऱ्याला शिखरेच उरलेली नाहीत. यांत यंत्राचा दोष कोणताच नाही.

३. एकामागून एक पाच चाव्या

आवाज फाइलीतून कानापर्यंत येताना त्याला किमान पाच ठिकाणी चावी असते : मूळ ध्वनिमुद्रण, ते वाजविणारा कार्यक्रम, त्या कार्यक्रमापुरती संगणकाने ठेवलेली पातळी, संगणकाची मुख्य पातळी आणि शेवटी स्पीकरवरील बटण. वाड्याच्या टाकीपासून मोरीतल्या नळापर्यंत पाइपावर पाच चाव्या असाव्यात, तशी ही रचना आहे. वरची चावी आवळलेली असेल तर खालचा नळ कितीही सोडला तरी पाणी बारीकच येणार. ध्वनीच्या बाबतीत आणखी एक भर पडते : शेवटचे बटण वाढविले की यंत्राची खरखरही वाढते. म्हणून संगणकाच्या आतील पातळ्या बऱ्याच वर ठेवाव्यात आणि रोजचा चढउतार स्पीकरच्या बटणाने करावा.

यांतील तिसरी चावी लोकांच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये प्रत्येक कार्यक्रमाची पातळी वेगळी ठेवणारा 'व्हॉल्यूम मिक्सर' असतो. ब्राउझर तेथे कधी काळी २० वर आणून ठेवला असेल, तर मुख्य पातळी १०० असूनही यूट्यूबचा आवाज लहानच येईल आणि दुसऱ्या कार्यक्रमातील गाणे मात्र मोठे वाजेल.

४. तर्कशास्त्राची मदत

दोष शोधताना दिसेल ते बटण फिरवीत बसणे व्यर्थ आहे. आपण तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेकाची पद्धती शिकतो. मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात तीच वेगळ्या नावांनी मांडली. येथे ती जशीच्या तशी उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम, तेच गाणे दुसऱ्या यंत्रावर, उदाहरणार्थ मोबाइलवर, लावावे. तेथेही ते इतर गाण्यांहून लहान वाजले, तर कारण ध्वनिमुद्रणात आहे. मग त्याच संगणकावर दुसरे, चांगले परिचित गाणे लावावे. तेही लहान वाजले, तर कारण यंत्रात आहे. यंत्रात कारण असल्यास कार्यक्रम बदलून पाहावा. नंतर स्पीकर काढून हेडफोन लावावा. चार प्रयोगांत दोषाची जागा निश्चित होते आणि दुरुस्तीसाठी तापकीर गल्ली गाठण्याची वेळ सहसा येत नाही.

५. नेहमी आढळणारे दोष

आवाज मुळीच येत नसेल, तर तो भलतीकडे चालला आहे काय ते पाहावे. एचडीएमआय केबलने पडदा जोडला की संगणक पुष्कळदा ध्वनीही त्या पडद्याकडेच पाठवितो आणि पडद्याला स्पीकर नसेल तर सर्वत्र शांतता ! ध्वनीच्या मांडणीत योग्य स्पीकर निवडला की काम होते.

वाद्ये ऐकू येतात पण गायक नाहीसा झाला, हा दोष गमतीचा आहे. हेडफोनची पिन पूर्ण आत गेली नाही तर तिची सामाईक तार सुटते आणि कानांत डाव्या-उजव्या बाजूंतील फक्त फरक येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. पिन नीट दाबली की गायक परत येतो. जुन्या तबकडीच्या बाबतीत तर दोन्ही बाजू सारख्याच असतात; तेव्हा सगळे गाणेच जवळजवळ नाहीसे होते.

ब्लूटूथ हेडफोन लावून संभाषण सुरू केले की संगीत अचानक टेलिफोनसारखे चपटे होते. हेडफोनचा मायक्रोफोन चालू होताच तो संभाषणाच्या पद्धतीवर जातो, हे त्याचे कारण. संभाषणासाठी संगणकाचा मायक्रोफोन निवडावा. शिवाय संभाषण चालू असताना इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची एक सोय विंडोजमध्ये असते; 'काही करू नये' हा पर्याय निवडून ती बंद करता येते.

पुण्यातील अनेक गुरुजन परदेशातील शिष्यांना संगणकावरून गाणे शिकवितात. शिष्याला तंबोरा ऐकू येत नाही, मधूनच तुटतो, ही तेथली नित्याची तक्रार. संभाषणाचा कार्यक्रम एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असे समजतो आणि तो पुसून टाकतो. ज्या एकसारखेपणावर आपले संगीत उभे आहे, तोच त्याच्या लेखी गोंगाट ! झूमसारख्या कार्यक्रमात 'मूळ ध्वनी' ठेवण्याची सोय आहे, ती संगीताच्या वेळी अवश्य वापरावी.

नव्या चित्रपटात संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी मोठी येतात, याचे कारण बहुधा असे असते की ध्वनी सहा मार्गांचा असतो आणि घरी स्पीकर दोनच. संवाद मधल्या मार्गात असतात. त्यांचा वाटा कमी पडतो. शक्य तेथे दोन मार्गांचा, म्हणजे स्टिरिओ, ध्वनी निवडावा. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) सारख्या जुन्या बोलपटांचा ध्वनी मुळातच एकमार्गी असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

६. आवाज सम करावा काय ?

वेगवेगळ्या गाण्यांची सरासरी एका पातळीला आणण्याची शास्त्रीय रीत आज उपलब्ध आहे. कानाला जाणवणारा मोठेपणा कसा मोजावा याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००६ साली ठरले आणि युरोपातील नभोवाणी-दूरचित्रवाणीने २०१० साली त्यावर आधारलेली उणे २३ ही पातळी स्वीकारली. त्याआधी २००१ साली सुचविली गेलेली 'रीप्लेगेन' ही पद्धती घरगुती संगणकासाठी उत्तम आहे. ती मूळ ध्वनीला हात लावीत नाही. हे गाणे इतके वाढवून किंवा कमी करून वाजवावे, एवढी टीप फाइलीला जोडते.

तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील विवेक रसिकाने करावयाचा आहे. एकात प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे सम होते. दुसऱ्यात सर्व संचाला मिळून एकच टीप लागते. निरनिराळ्या काळांतील फुटकळ गाणी ऐकताना पहिला प्रकार योग्य. परंतु 'गीतरामायणा'सारखी सलग कृती घ्या. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाली. त्यांत कोठे उत्सव आहे, कोठे विलाप आहे. विलाप उत्सवाएवढाच मोठा करून ऐकणे म्हणजे कवी आणि संगीतकार या दोघांवरही अन्याय होय. तेथे दुसरा प्रकारच वापरला पाहिजे. त्याच न्यायाने, लहान-मोठा आवाज क्षणोक्षणी सारखा करणारी 'लाउडनेस इक्वलायझेशन' ही सोय रात्री बातम्या ऐकताना चालेल. ख्याल ऐकताना ती बंद ठेवावी. आलापीतील दबका स्वर आणि तानेतील जोर यांतले अंतर हाच ख्यालाचा प्राण, आणि ती सोय नेमके तेच अंतर बुजविते.

कोणाच्या घरी तबकड्या असून त्या संगणकात उतरवावयाच्या असतील, तर मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. दुसऱ्या प्रतीवर, ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने, आधी ओरखड्यांचे 'टक्' काढावेत आणि मगच आवाज वाढवावा. हा क्रम उलटला तर गायक पुन्हा ओरखड्याखालीच राहील.

७. कानांविषयी दोन शब्द

लहान आवाज मोठा करण्याआधी खोली शांत आहे काय, हेही पाहावे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे. लक्ष्मी रस्त्यावर खिडकी उघडी ठेवून ती पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. अशा वेळी आवाज वाढविण्यापेक्षा खिडकी लावणे श्रेयस्कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सुरक्षित मानतात. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. लहान मुद्रणासाठी हेडफोन पूर्ण वाढवून ठेवला आणि पुढे नवे गीत लागले, तर त्याचा भुर्दंड कानांना बसतो, आणि बधिर झालेला कान दुरुस्त करण्याची सोय कोणत्याही मांडणीत नाही.

तात्पर्य, पुढल्या वेळी जुनी तबकडी लहान ऐकू आली की ती बदलण्याची घाई करू नये. क्रमाने पाच चाव्या तपासाव्यात, मुद्रण कोणत्या काळातील आहे ते पाहावे, आवाज त्या एका गाण्यापुरता जुळवून घ्यावा आणि तीन मिनिटे स्वस्थ बसावे. शंभरएक वर्षांपूर्वी कर्ण्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या गायकाने आपला सगळा राग तेवढ्याच वेळात बसविला होता.