प्राणवायूचा नमुना आणि होडीवरील तंत्रसहायक

विद्यापीठाच्या सागरविज्ञान विभागाचे क्षेत्रकार्य म्हटले की प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. होडीवर नमुना हाती घेणाऱ्या तंत्रसहायकाचा उल्लेख अहवालात क्वचितच आढळतो. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या मोजणीत मात्र आकड्याची विश्वासार्हता बव्हंशी त्याच्या पहिल्या काही मिनिटांतील कामावर अवलंबून असते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात व त्यानंतर काही आठवडे कमी प्राणवायूचे खोल पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वर चढून येते. अशा वेळी तळाजवळचा नमुना घेण्यासाठी निस्किन बाटली दोन्ही तोंडे उघडी ठेवून दोरीने खाली सोडतात. ठरलेल्या खोलीवर ती पोहोचली की दोरीवरून धातूचे वजन सोडायचे. त्याच्या धक्क्याने झाकणे मिटतात. बाटली वर येताच सर्वप्रथम प्राणवायूचा नमुना काढावयाचा. क्षारता व पोषकद्रव्यांचे नमुने नंतर. रबरी नळीचे टोक काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी सावकाश भरतात आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ देतात. आत बुडबुडा राहता कामा नये. कमी प्राणवायूच्या पाण्यात हवेचा लहानसा बुडबुडाही आकडा वाढवतो आणि जलचरांना घातक असलेले पाणी कागदावर सुरक्षित ठरते. ही चूक पुढे कोणतेही महागडे उपकरण दुरुस्त करू शकत नाही.

लगेच मँगनीज लवणाचे आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडून, बूच लावून बाटली हलवतात. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर तो जवळजवळ नाही. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांनी १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत इलेक्ट्रॉनिक मापकांच्या पडताळणीसाठी आजही वापरली जाते. साका बसलेली बाटली अंधारात ठेवून किनाऱ्यावर आणता येते. आम्ल घालणे व अनुमापन तेथेच करावे. हलत्या होडीवर ब्युरेट वाचण्याचा हट्ट व्यर्थ होय.

नोंदवहीत वेळ, खोली, तापमान आणि क्षारता पेन्सिलीने लिहितात, कारण शाई पाण्याने पसरते. क्षारतेची नोंद गौण नाही. २५ अंश सेल्सिअसला हवेशी संपृक्त झालेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर ३५ क्षारतेच्या समुद्रजलात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी तलावावर मापक वापरताना त्यात क्षारता भरली नाही, तर वाचन वाढीव दिसते. तलावातील प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो आणि कोळंबी तळाशी वावरते. म्हणून मोजणी पहाटे व तळाजवळच करावी.