पाहिलेलं की ऐकलेलं?

पोरांनो, आधी पाणी प्या. मंगलागौरीच्या या पायऱ्या मी दिवसातून दोनदा चढते आणि तुम्हाला एकदाच धाप लागते. चौघं मिळून काशीच्या पंचगंगा घाटावर प्रकल्प करताय ना? पुस्तकांच्या कपाटांत माझा जन्म गेला, म्हणून सांगते.

परवा तुमच्यातल्या एकानं लिहून आणलं होतं, ‘माधवराव का धरहरा’ माधवराव पेशव्यांनी बांधला. तीन ठिकाणी सापडलं म्हणे! नाव आपल्यातलं दिसलं की मराठी माणूस लगेच त्यावर भगवा लावून मोकळा होतो. अरे, तो माधव म्हणजे बिंदुमाधव, देव. धरहरा म्हणजे औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार. देवाचं जुनं देऊळ पाडून तिथे ती मशीद उभी राहिली. औरंगजेब वारला १७०७ साली, पेशवे माधवराव जन्मले १७४५ साली. ही दोन सालं शेजारी मांडली असती तरी भागलं असतं. आणि त्या तीन ठिकाणी शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच होती, ते पाहिलंत का? ते तीन साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार, तीनदा बोललेला.

ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याच्यापर्यंत मागे जा. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ मध्ये काशीत आला, तेव्हा ते देऊळ उभं होतं. जेम्स प्रिन्सेप १८२० नंतर इथल्या टांकसाळीत होता. त्यानं शहराचा नकाशा केला, घाटांची चित्रं काढली, आणि याच घाटाच्या चित्राला ‘माधोराय घाट’ असं नाव दिलं. आता पाहणाराही आपल्या डोळ्यांनी पाहतो, बरं का. जवाहिऱ्याची नजर आधी दागिन्यांवर जाणार. मूर्तीच्या अंगावर काय होतं ते त्याला विचारा, पूजा कशी चाले ते विचारू नका.

पुस्तक हाती आलं की प्रस्तावना गाळू नका. तुम्ही पोरं थेट मधलं पान उघडता, तिथेच फसता. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीतून वाचले आणि गंगेची कावड घेऊन घरी गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापला १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी, पण हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत आली १९६६ मध्ये. मुखपृष्ठावर नाव तेच, आतला मजकूर वेगळा. म्हणून नुसतं ‘गोडसे’ लिहून भागत नाही, कुठली प्रत ते लिहा. राणी लक्ष्मीबाई तर इथेच भदैनीत जन्मली म्हणतात, आणि तिचं जन्मसाल कुणी १८२८ सांगतं, कुणी १८३५. अशा वेळी आवडेल ते निवडू नका. दोन्ही लिहा, आणि कोण कशावरून म्हणतं तेही लिहा.

विद्यापीठातल्या सयाजीराव गायकवाड ग्रंथालयात जा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली हव्या असतील तर १९२० पासूनचा ‘आज’ आहे. त्याचे जुने संपादक बाबूराव पराडकर आपल्याच काशीकर मराठी घरातले. काउंटरवरच्या माणसाशी गोड बोला. कपाटाच्या मागे काय पडलंय ते संगणकाला नाही, त्याला ठाऊक असतं.

कामाची वाटणी मात्र ‘तू दोन पानं, मी दोन पानं’ अशी करू नका. तशी गोधडी होते, आणि एकाची चूक चौघांच्या गळ्यात पडते. एकानं आणलेलं दुसऱ्यानं मूळ पान उघडून ताडायचं, रुसायचं नाही. एकच वही ठेवा: पुस्तक, साल, पान, कुणी पाहिलं, कुणी ताडलं. शेवटच्या रात्री पान नंबर शोधत फोन करणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत.

हे सारं ऐकून पोरं गेली. काल त्यांची वही चाळली. बिंदुमाधवाचं आताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं, असं मीच बोलता बोलता सांगितलं होतं. त्यापुढे धाकटीनं नीट अक्षरात लिहिलंय: ‘आजी, मंगलागौरी. ऐकीव. ताडायचं आहे.’