यंत्रमानवाची मुद्रा आणि माणसाची भावओळख

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील पवई येथील आयआयटीच्या ‘टेकफेस्ट’ महोत्सवात ‘सोफिया’ ही यंत्रमानवी साडी नेसून व्यासपीठावर आली. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्स कंपनीने घडविलेल्या या यंत्राच्या चेहऱ्यात भुवया, पापण्या व ओठ हलविणारी यंत्रणा आहे. भावना मात्र नाहीत. तरीही असा चेहरा पाहणारा मनुष्य त्यात हर्ष किंवा विषाद वाचतो. हे कसे घडते, याचा अभ्यास यंत्रविज्ञान आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर होत आहे.

सामाजिक यंत्रमानव

कारखान्यातील यंत्रमानव वस्तू हाताळतो. सामाजिक यंत्रमानवाचे मुख्य कार्य माणसाशी संवाद साधणे हे असते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत सिंथिया ब्रिझील यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेला ‘किस्मेट’ हा या क्षेत्रातील आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग होय. त्याला धड नव्हते; कान, भुवया, पापण्या आणि ओठ यांच्या हालचालींतून तो भाव दर्शवीत असे.

भावओळखीचा आधार

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये छायाचित्रांच्या साहाय्याने अभ्यास करून आनंद, दुःख, क्रोध, भय, घृणा व आश्चर्य या सहा भावना सार्वत्रिक असल्याचे मत मांडले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायी भावांपैकी हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे सहा या यादीशी बरेचसे जुळतात. तथापि, केवळ चेहऱ्यावरून भावना निश्चित करता येत नाही, संदर्भ व संस्कृती यांचाही त्यात वाटा असतो, असा आक्षेप अनेक संशोधकांनी घेतला आहे.

अभिनयाची चार अंगे

हा आक्षेप समजून घेण्यास नाट्यशास्त्रातील चतुर्विध अभिनय उपयुक्त ठरतो.

१. आंगिक : फ्रान्समध्ये विकसित झालेल्या ‘नाओ’चा चेहरा स्थिर असतो, तो हातवारे व शरीराची ठेवण यांतून भाव दाखवितो.
२. वाचिक : आवाजाची पट्टी व बोलण्याची गती.
३. आहार्य : वेशभूषा व रंग. ‘सोफिया’ची साडी किंवा ‘नाओ’च्या डोळ्यांतील रंगीत दिवे ही याची उदाहरणे होत. रंगांचे अर्थ संस्कृतीनुसार बदलतात. पांढरा रंग एका समाजात विवाहाचा, तर दुसऱ्यात शोकाचा असतो.
४. सात्त्विक : अश्रू, स्वेद, रोमांच. हे अंतःकरणातून उमटतात, असे शास्त्र मानते. यंत्र त्यांची नक्कल करू शकेल. परंतु त्यामागे अंतःकरण नसेल.

मोजमापातील मर्यादा

चाचणीत सहभागी व्यक्तींना यंत्रमानवाची मुद्रा दाखवून ठरावीक पर्यायांतून एक निवडण्यास सांगितले जाते. सहा पर्याय असल्यास निव्वळ अंदाजानेही सुमारे १७ टक्के उत्तरे बरोबर येतात. शिवाय तयार पर्याय उत्तराची दिशा सुचवितात. विस्फारलेले डोळे व उंचावलेल्या भुवया दोहोंत समान असल्याने भय आणि आश्चर्य यांत वारंवार गल्लत होते. चेहरा जवळजवळ मानवी, पण पूर्णतः नव्हे, अशा टप्प्यावर आपुलकीऐवजी अस्वस्थता वाटते, असे जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले होते. सीलच्या पिलासारखा दिसणारा जपानी ‘पारो’ ही अडचण टाळतो; त्याच्याकडून मानवी हावभावांची अपेक्षाच नसते.

विकासाच्या दृष्टीने महत्त्व

वृद्धांची सोबत आणि स्वमग्न मुलांचे प्रशिक्षण यांसाठी अशा यंत्रांचे प्रयोग झाले आहेत. एकाकी वृद्धाने यंत्राचे स्मित माया समजून त्यावर विश्वास टाकला, तर त्या विश्वासाची जबाबदारी यंत्रावर नव्हे, ते घडविणाऱ्यांवर व वापरात आणणाऱ्यांवर येते. म्हणून परदेशी चाचण्यांतील आकडे जसेच्या तसे न स्वीकारता येथील भाषा, वय आणि ग्रामीण-नागरी भेद लक्षात घेऊन चाचण्या होणे आवश्यक आहे. भाव ओळखला जाणे हे यंत्राचे यश असले, तरी तो भाव पाहणाऱ्याच्या मनातच साकारतो, याची स्पष्ट जाणीव वापरकर्त्यास करून देणे तितकेच अगत्याचे आहे.