इंजिनाची नाडी

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला लहान लहान गॅरेजे दिसतात. तेथे काम शिकणारी मुले मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच; तो मराठीतही रुळला आहे.

या भागाचे यंत्रांशी जुने नाते आहे. बेळगावात सायकलचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकलही टू-स्ट्रोकच. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि अशा गाड्या मागे पडल्या. तरीही जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या आजही दिसतात.

अशा गाडीला कधी कधी एक विचित्र रोग जडतो. चालक मूठ सोडतो, तरी इंजिनाची गती कमी होत नाही. उलट ती वाढतच जाते. गाडी जणू चालकाचे ऐकतच नाही.

अशा वेळी घाबरून चालत नाही. चालकाने प्रथम क्लच दाबावा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. मग ब्रेक लावून गाडी कडेला घ्यावी आणि किल्ली बंद करावी. बहुतेक वेळा इंजिन थांबते. पण ते फार तापले असेल, तर आतला लालभडक कार्बनच ठिणगीचे काम करतो आणि किल्ली काढली तरी इंजिन चालू राहते. तेव्हा ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडतात. ओझे न पेलल्यामुळे इंजिन बंद पडते. नुसता पेट्रोलचा कॉक बंद करून लगेच उपयोग होत नाही. कार्बोरेटरमधले पेट्रोल संपत येते, तशी इंजिनाची गती थोडा वेळ आणखी वाढते.

असे का होते? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद पेटीत जाते आणि तेथून वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणून ही पेटी हवाबंद असावी लागते. तिला कोठे फट पडली, तर बाहेरची हवा आत शिरते. हवा वाढते, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन बेफाम धावते. मूठ बंद असल्यामुळे ऑइलही कमी मिळते. इंजिन अधिकच तापते, शेवटी पिस्टन जाम होतो आणि मागचे चाक एकाएकी अडकते. चालत्या गाडीत यामुळे जिवावर बेतू शकते.

आता चांगला उस्ताद रोग कसा ओळखतो, ते पाहा. तो आधी सोपी कारणे तपासतो. इंजिन बंद ठेवून मूठ फिरवतो आणि सोडतो. कार्बोरेटरमधून ‘टक्’ असा आवाज आला, तर आतली पट्टी नीट खाली बसते. आवाज आला नाही, तर केबल किंवा पट्टी अडकली आहे. इंजिन सावकाश चालू असताना तो हँडल डावीकडे-उजवीकडे वळवतो. वळवताना गती वाढली, तर केबल ताणली जात आहे.

केबल ठीक असेल, तर तो चोक ओढतो. चोकमुळे मिश्रणात पेट्रोल वाढते. त्यामुळे गती ताळ्यावर आली, तर इंजिन जास्तीची हवा घेत आहे, असा संशय बळावतो. प्लग काढून पाहिल्यावर तो पांढराफटक दिसला, तर संशय पक्का होतो. चांगल्या प्लगचा रंग तपकिरी असतो.

मग फट शोधायची. कार्बोरेटरच्या रबरी जोडावर तो ऑइलचे थेंब सोडतो. त्याने गती बदलली, तर फट तेथेच आहे. नाहीतर दोष क्रँकच्या ऑइल सीलमध्ये असू शकतो. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, तर हवा शिरते. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअर ऑइल आत ओढले जाते. ते कमी होते आणि धूर वाढतो.

काही जण मात्र कार्बोरेटरचा स्क्रू सैल करून गती कमी करतात. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! फट तशीच राहते आणि एक दिवस पिस्टन जाम होतो.

मित्रांनो, गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोपर्यंत हे प्रयोग स्वतः करू नका. पण उस्तादाची रीत आजच शिका. आधी ऐका, सोपे कारण आधी तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ही रीत गणित सोडवतानाही उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. मूठ सोडूनही इंजिन धावत राहिले, तर चालकाने प्रथम काय करावे?
२. पिस्टनखालची पेटी हवाबंद का असावी लागते?
३. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण तुमच्या अनुभवातील एका प्रसंगाला लावून दाखवा.