सिकंदराबादच्या खाऱ्या टाकीत जांभळा थर

सिकंदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटर उंचीवर आहे. कुठल्याही दिशेने निघालात तरी अडीचशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. अशा गावात घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला मासे मिळतात, मीठ मिळते, दिवे मिळतात. पण पांढरे फटक खडक आणि कोरी काच बघून त्याच्या मनात एकच प्रश्न राहतो : तो जांभळा, गुलाबी थर कधी धरणार?

तो थर म्हणजे कोरलाइन शैवाल. लाल शैवालांच्या कुळातली ही वनस्पती पेशींच्या भिंतींत चुना साठवते, म्हणून हाताला दगडासारखी लागते. तिला कित्येक वर्षे प्राणीच समजत. 1837 साली फिलिप्पी या जर्मन अभ्यासकाने ती वनस्पती असल्याचे दाखवून दिले. कोकण किनाऱ्यावर ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत वाकून पाहिलेत, तर या कुळातली गुलाबी शैवाले तुम्हाला भेटतील.

हा थर नुसता शोभेचा नाही. त्याने खडक झाकला की हिरव्या केसाळ शेवाळाला जागा उरत नाही. समुद्रात अनेक प्रवाळांची पिल्ले अशाच थरावर बूड टेकतात. शिवाय थर वाढतो आहे याचा अर्थ तुमचे पाणी चुन्याच्या बाबतीत भरल्या घरासारखे आहे. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी धरा. हे शैवाल बाटलीतून ओतून येत नाही. पाणी जितके स्थिर, तितके ते लवकर येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

1. पाणी कोरे करून घ्या. इथल्या बोअरचे पाणी खडकातून येते. ते जड असते आणि त्यात सिलिकेटही असते. सिलिकेट टाकीत गेले की तपकिरी बुरशीसारखा थर काचेवर चढतो. स्वयंपाकघरातल्या आरओवर भिस्त ठेवू नका. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असतात, आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पन्नास-शंभर दाखवतो. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी बसवा आणि आकडा शून्य येईल तेव्हाच मीठ कालवा. खारटपणा हजारी 35, म्हणजे घनता 1.025 ते 1.026 ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. आरओतून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरा.

2. खडक कायद्यात बसणारा घ्या. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली घेतले. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, उचलणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. “समुद्रातून ताजा आणलाय” असे कुणी म्हणाले तर हात जोडा. सिरॅमिकचा किंवा कृत्रिम कोरडा खडक वापरा. त्यावर थर धरायला वेळ लागतो, पण धरतो.

3. चक्र पुरे होऊ द्या. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर तपकिरी आणि मग हिरवे शेवाळ येईल. ते प्रत्येक नव्या टाकीत येते. घाबरून औषध टाकू नका. तांब्याचे औषध तर या टाकीत कधीच नको. ते गोगलगायींचा आणि प्रवाळांचा जीव घेते आणि खडकात मुरून बसते.

4. विरजण लावा. कोरड्या खडकावर कोरलाइन आपसूक उगवत नाही, बीज बाहेरूनच यावे लागते. जुनी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाकडे काचेवरचा जांभळा थर खरवडून मागा, किंवा थर चढलेला लहान खडक अथवा शंख मागा. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, कारण वाऱ्याला उघडा पडला की थर मरून पांढरा होतो. घरी आल्यावर स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि गाळणी दोन-तीन तास बंद ठेवा, प्रवाहाचे पंप चालू ठेवा आणि खरवड पंपासमोर सोडा. कण टाकीभर फिरून कोपऱ्याकोपऱ्यात बसतील. खडक घेत असाल तर त्यावर एप्टेशियासारखे उपद्रवी जीव नाहीत ना, हे भिंग लावून पाहा.

5. तीन आकडे वहीत लिहा. कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, 8 ते 9 डीकेएच, मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम. हे तिन्ही दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी मोजा. चुना साठताना लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले, तर अल्कलिनिटी 2.8 डीकेएचने उतरते. म्हणून घसरण आधी अल्कलिनिटीत दिसते. सुरुवातीला आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तरी पुरते. पुढे आकडा कमी पडला तर खाण्याचा सोडा चालतो : 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा साधारण 1 डीकेएच वाढवतो. तो आधी आरओच्या पाण्यात विरघळवा आणि एका दिवसात याहून जास्त देऊ नका. फॉस्फेट वाढले तर चुना जमण्यात अडथळा येतो, म्हणून खाणे मोजून टाका.

6. मागणी वाढली की चुन्याची निवळी द्या. पानाच्या डबीतला चुना नको. प्रयोगशाळेत मिळणारे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. लिटरभर आरओच्या पाण्यात दोन ग्रॅम ढवळा, झाकण लावा आणि काही तास निवळू द्या. तळाशी साका राहील. वरची नितळ निवळी तेवढी घ्या. झाकण न लावता रात्रभर ठेवून बघा : सकाळी पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पांढरी पापडी दिसेल, आणि बोट लावताच ती कडकन तुटेल. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना आधीच खडू करून टाकलेला असतो, टाकीला तो मिळत नाही. 100 लिटरच्या टाकीला अर्ध्या लिटरपासून सुरुवात करा. निवळी रात्री, थेंबथेंब सोडा, कारण रात्री पीएच उतरलेला असतो. निवळी तीव्र असते, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

7. उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच करा. इथे पारा चाळिशीपार जातो, आणि टाकी 25 ते 26 अंशांवर हवी. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. दख्खनच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात, पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी. पण पाणी भराभर उडते, मीठ मागे राहते आणि खारटपणा चढतो. उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या नव्हे, कोऱ्या आरओच्या पाण्याने करा. ती भरपाई निवळीने करत असाल तर जपा. उन्हाळ्यात पाणी दुप्पट उडाले की चुनाही दुप्पट पडतो, पण टाकीची भूक तेवढी वाढलेली नसते. निवळीचे माप ठरलेलेच ठेवा आणि बाकीचे साधे पाणी घाला.

8. उजेड, प्रवाह आणि राखणदार. आठ-दहा तास मध्यम, निळसर उजेड पुरे. प्रखर उजेडात कोवळा थर पांढरा पडतो, म्हणून सावलीच्या जागी तो आधी दिसतो. पाणी सगळीकडे खेळते ठेवा. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा हवापंप घरात असू द्या. टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी खडकावरचे मऊ शेवाळ खाऊन जागा मोकळी करतात. समुद्री साळू मात्र कोरलाइनही खरवडून खातो, तो पहिल्या वर्षी आणू नका. पंपावर थर चढला तर पंप पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून मग घासा.

आता वाट पाहायची. बीज टाकल्यावर दोन-तीन महिन्यांनी मागची काच, पंपाचा बुंधा, खडकाची खालची बाजू तिरक्या उजेडात न्याहाळा. टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके दिसतील आणि नखाने निघणार नाहीत. ते एकमेकांना भिडून सलग थर व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. ठिपके अचानक पांढरे पडले तर नवे औषध शोधायला धावू नका. वही उघडा. गेल्या पंधरवड्यात कोणता आकडा झपकन हलला, ते तिथे लिहिलेले असेल.

आणि एक विनंती. थर भरघोस झाला, काच खरवडायची वेळ आली, की ती खरवड फेकून देऊ नका. सिकंदराबादेत कुणाची तरी नवी टाकी पांढऱ्या खडकांनिशी बसलेली असेल. एक पिशवी टाकीच्या पाण्याने भरा, त्यात खरवड घाला आणि त्याच दिवशी त्याला पोचती करा.