सर्व्हेच्या लाइनी आणि लॉगबुकातले तास

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात पडलं की आमच्या चौलमध्ये पहिला प्रश्न येतो, "मग कुठल्या एअरलाइनमध्ये?" २०० तासांच्या पोराला कोण उभं करतंय हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं आणि आपल्यालाही सांगवत नाही. टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक विमान उडवायच्या परवानगीचे, लाखो रुपये घरात नव्हते, सुपारीच्या वाडीवर आधीच कर्ज होतं. म्हणून हवाई सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत लागलो. अशा जागा देशात मोजक्याच. मिळाली तर घ्यावी, पण काय घेतोय ते नीट बघून.

काम म्हणजे आकाशातली नांगरणी. एक लाइन सरळ जायचं, टोकाला वळायचं, शेजारून परत यायचं. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक लागतो, शेजारच्या लाइनींत ३० टक्के. वारा आडवा असला की नाक एकीकडे आणि विमान दुसरीकडे, असं तासन्‌तास धरून ठेवायचं. लेझरने मोजणारं लायडार असेल तर सुरुवातीला आणि शेवटी आकाशात इंग्रजी आठ काढायचा, म्हणजे यंत्राला आपली दिशा नेमकी कळते. वळताना पंख १५-२० अंशांपलीकडे कलवायचा नाही, कारण पंखाआड जीपीएसचे उपग्रह गेले की अँटेनाचा संपर्क तुटतो. नव्या पायलटला वळणाची हौस असते. इथे वळण जितकं कंटाळवाणं, तितका डेटा चांगला.

किनाऱ्याचं काम तर ओहोटीला पाणी हटलेलं असतानाच होतं, म्हणून ते पंचांग बघून करावं लागतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं, पण ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा सूर्य इतका खाली असतो की माडांच्या सावल्या वाडीभर पसरतात. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, तर तेव्हा भांग असतो, पाणी फारसं हटत नाही आणि वरून सूर्य पाण्यात आरशासारखा चमकून फोटो जाळतो. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाची ओहोटी, ती काय ती कामाची. त्यातही पावसाळ्याचे चार महिने बाद, हिवाळ्यात कुंडलिका खाडीवरचं धुकं उशिरा उठतं, आणि मुंबईच्या (आता नवी मुंबईच्याही) विमानांच्या गर्दीत सर्व्हेच्या विमानाला कंट्रोल थांबवून ठेवणारच. त्यांचंही बरोबर आहे.

हे गणित मी सांगतोय ते यासाठी की उड्डाणापेक्षा वाट बघण्यात जास्त दिवस जातात. आमच्या कंपनीत पगार उडालेल्या तासांवर होता. परगावच्या लॉजवर ढगांकडे बघत काढलेल्या दिवसांचे पैसे नाहीत. मग महिनाअखेर जवळ आली की समोरचा धुरकटपणा जरा कमीच दिसायला लागतो. मागे बसलेला कॅमेरा ऑपरेटर हेडसेटवर म्हणतो, "सर, शेवटची एकच लाइन राहिलीय." तो वाईट माणूस नसतो, त्यालाही ऑफिसचे फोन येत असतात. खाली डोंगर, समोर क्षितिज पुसलेलं, पेट्रोल परतीपुरतं. अशा वेळी मी परत वळलो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. परतायचा निर्णय पायलट-इन-कमांडचा, हे नियमात स्पष्ट आहे. पण पगारपत्रक उलटं बोलत असेल तर बावीस वर्षांच्या पोराने नियमाच्या बाजूने उभं राहायचं, ही अपेक्षा मोठी आहे.

दुसरी गोष्ट तासांची. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सला, १५०० तास लागतात आणि हवेने साथ दिली की सर्व्हेत ते भराभर भरतात, हे खरं. पण चार-पाच तासांच्या सॉर्टीत लँडिंग एक, आणि सगळं उड्डाण बाहेर बघून, स्वच्छ हवेत. इन्स्ट्रुमेंटवरचा हात गंजतो. एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्ये नेमका तोच तपासतात. विमान एका तळावरून दुसरीकडे न्यायचं असेल तेव्हा इन्स्ट्रुमेंटवरच्या उड्डाणाचा, म्हणजे आयएफआर, प्लॅन टाका, मागून घ्या ते उड्डाण. इन्स्ट्रुमेंट रेटिंग लॅप्स होऊ देऊ नका, नंतर ते फार महागात पडतं.

ड्रोनचं आमिषही येईल. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली, मग २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून फोटो, त्यावरून मालमत्ता पत्रक. चांगलं काम आहे, पोटापाण्याचंही आहे. पण त्याला वेगळं रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि ड्रोनचे तास तुमच्या विमानाच्या लॉगबुकात चढत नाहीत. एकावर दुसऱ्याची आशा धरू नका.

करार समोर आला की बाँड किती वर्षांचा आणि विमानाचा विमा तुम्हाला धरून आहे का, हे विचाराच. पण सगळ्यात आधी न उडालेल्या दिवसाचा पगार विचारा. ठरावीक मासिक रक्कम द्यायला कंपनी तयार नसेल, तर माझ्या मते ती नोकरी सोडून द्या आणि फ्लाइंग क्लबात कमी पैशांत इन्स्ट्रक्टर व्हा.